आणखी काही नको ना?

दत्तप्रसाद मोघे यांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, आणि त्यातलं निम्मं परदेशी पाहुण्यांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून काढलं. कुठल्या ना कुठल्या थंड देशाला आपल्या नद्यांची दया यायची. तिकडून उंच, गोरी, अतिशय सभ्य माणसं यायची आणि मोघे त्यांना धरण दाखवायला खडकवासल्याला न्यायचे. पाहुणे भिंतीवर उभे राहून वाऱ्यात टोपी सांभाळत विचारायचे, "तुमची खरी गरज काय आहे?" मोघे गरज सांगायचे. पाहुणे गंभीर चेहऱ्याने लिहून घ्यायचे. मग वर्षभराने त्यांच्या देशात बनणारं एक यंत्र पुण्यात येऊन दाखल व्हायचं, आणि ते मोघ्यांनी मागितलेलं नसायचं. त्या यंत्राच्या उद्घाटनालाही मोघेच गाडीत पुढे बसून जायचे.

म्हणून निवृत्तीनंतर आपला देशच दाता झाला आणि मोघ्यांना दात्याच्या बाजूची खुर्ची मिळाली, तेव्हा त्यांची छाती फुगली यात नवल नाही. कोथरूडमध्ये 'ओघ' नावाची एक संस्था आहे. नद्या, पूर, पाणी यांबद्दल ती सल्ले देते, आणि मोघे तिथे सल्लागार, म्हणजे सल्ला देणाऱ्यांनाही सल्ला देणारे. दिल्लीतल्या एका खात्याने या संस्थेला काम दिलं होतं. आपल्या सीमेला लागून नेपाळच्या तराईत धनसार नावाची नदी आहे, तिच्या काठच्या गावांना पुरापासून वाचवायचं. पहिल्या टप्प्यात तिथे सायरन बसवून झाले होते. दुसऱ्या टप्प्यात काय द्यायचं ते तिथल्या लोकांना विचारून ठरणार होतं आणि त्यासाठी तिथली माणसं पंधरा दिवस पुण्याला येणार होती. विचारण्याचं काम मोघ्यांकडे होतं. दुसरा टप्पा मंजूर झाला की प्रकल्पाचे प्रमुख म्हणून नेपाळला जायचं, तेही मोघ्यांनीच. ही बातमी त्यांनी सोसायटीत कोणालाही सांगितली नव्हती. लिफ्टमध्ये जे भेटले त्यांना तेवढी सांगितली होती.

"त्या गोऱ्यांनी जे केलं ते मी करणार नाही," ते बायकोला म्हणाले. "ते विचारायचे आणि ऐकायचे नाहीत. मी विचारणार आणि ऐकणार."

"तुम्ही?" दीपमाला म्हणाली. ती मूळची यवतमाळची. पुण्यात येऊन तिला एवढी वर्षं झाली होती की तिचे केस इथेच पांढरे झाले, पण नवऱ्याच्या घराण्यातल्या काही गोष्टींना ती अजून सरावली नव्हती. "ऐकणार, तुम्ही?"

मोघे मोठ्याने हसले. स्वतःवर हसता येणं हा आपला सर्वांत मोठा गुण आहे असं त्यांना वाटायचं. भाषणाची सुरुवातही ते स्वतःची थट्टा करून करायचे. स्वतःला एकदा हसून घेतलं की मग सुधारायची फारशी गरज उरत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

पाहुणे चौघं येणार होते. दोघांची रजा मंजूर झाली नाही, म्हणून दोघंच आली. सबिता चौधरी ही तिथल्या गाउँपालिकेत, म्हणजे आपल्याकडच्या पंचायत समितीसारख्या कचेरीत, आपत्तीचं काम बघायची. चाळिशीची, बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. दुसरे हरिनारायण यादव. ते गावच्या वॉर्डाचे अध्यक्ष होते, पांढऱ्या मिशा, खांद्यावर गमछा. दोघांनाही हिंदी उत्तम येत होती, त्यामुळे संभाषणात अडचण यायची ती फक्त मोघ्यांच्या हिंदीची.

पहिल्याच सकाळी संस्थेच्या दालनात मोघ्यांनी त्यांचं स्वागत केलं. "आइए, आइए. चाय तो आप लेके ही आए होंगे?"

"जी, हो गया," हरिनारायण म्हणाले.

झालं. चहा आला नाही. दुपारी मोघ्यांनी विचारलं, "खाना अभी नहीं ना चाहिए? भूख नहीं होगी इतने में." सबिता म्हणाली, "नहीं सर, कोई बात नहीं." जेवण दोन वाजता आलं आणि तेही "आप लोग हलकाच लेते होंगे" असं म्हणून हलकंच आलं. संध्याकाळी गाडीबद्दल विचारणा झाली. "गेस्ट हाउस तो पास में ही है, चलके जाना अच्छा लगता होगा ना?" त्यांना चालणं अर्थातच आवडत होतं. ऊन उतरलेलं नव्हतं, पण आवडत होतं.

यात मोघ्यांचा कंजूषपणा होता असं कोणी समजू नये. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांचं बालपण गेलं होतं आणि तिथे समोरच्याला संकोचात पाडू नये म्हणून प्रश्न विचारतानाच उत्तरही पुरवायची रीत होती. पाहुण्याने फक्त मान हलवायची. सोपं, स्वच्छ आणि दुधाची बचत. मोघ्यांना लहानपणापासून हीच सभ्यता शिकवली होती आणि त्यांनी ती मनापासून आत्मसात केली होती.

"काय माणसं आहेत!" ते घरी येऊन दीपमालाला सांगायचे. "काही म्हणजे काही लागत नाही त्यांना. चहा नको, जेवण नको, गाडी नको. आपल्याकडचे अधिकारी असते तर आधी महाबळेश्वरची चौकशी केली असती."

"त्यांना जेवायला घरी आणा," दीपमाला म्हणाली.

"अगं, ती फार खातच नाहीत."

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी शेवटची बैठक झाली. संस्थेतला तरुण अभियंता पुष्कर याने पडद्यावर चित्रं दाखवली. जास्त मोठ्या आवाजाचे सायरन, सौर पॅनेल, मोबाइलवर पुराची सूचना देणारं ॲप. ॲपमध्ये एक निळी नदी हळूहळू लाल व्हायची, ती सगळ्यांना आवडली. मग मुख्य प्रश्नाची वेळ आली. ज्या प्रश्नासाठी ही माणसं इतक्या लांबून आली होती तो प्रश्न मोघ्यांनी उभं राहून, आवाजात ओलावा आणून विचारला.

"तो फिर, दूसरे फेज में आपको और कुछ नहीं ना चाहिए?"

हरिनारायणांनी सबिताकडे पाहिलं. सबिताने श्वास घेतला, क्षणभर धरला आणि सोडला. "नहीं सर," ती म्हणाली. "आपने बहुत किया है."

मोघे थांबले. लॅपटॉप मिटायला लागतो तेवढा वेळ ते नक्कीच थांबले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं.

त्याच दुपारी पडद्यावरच्या वस्तूंच्या यादीसह अहवाल दिल्लीला गेला. 'लाभार्थींनी आणखी कशाचीही गरज नसल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले आहे', असं त्यात होतं. मूळ इंग्रजी वाक्य मोघ्यांनी मनातल्या मनात मराठीत आणून पाहिलं आणि 'निःसंदिग्धपणे' या शब्दावर ते स्वतःच खूश झाले. दिल्लीचे उपसचिव तर त्यांच्याहून खूश झाले. संध्याकाळीच त्यांचा फोन आला. घेणाऱ्याने 'पुरे' म्हटलेलं त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं होतं. उरलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवता येतील, फाइल आजच पुढे पाठवतो, आणि मोघेजी, पासपोर्टची प्रत तेवढी द्या, म्हणाले. नेपाळला पासपोर्ट लागत नाही हे मोघ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी प्रत पाठवली.

शनिवारी दीपमालाने ऐकलं नाही. पाहुणे रविवारी निघणार होते, त्यांना तिने दुपारी जेवायला बोलावलंच. पाटवडी रस्सा केला, ज्वारीची भाकरी, भात, वर साजूक तूप. पानं वाढून झाल्यावर तिने कोणालाही काही विचारलं नाही. हरिनारायणांनी पहिली भाकरी संपताच ताटावर आडवा हात धरला, "बस, बहनजी, बस." दीपमालाने हाताच्या शेजारून दुसरी सरकवली. त्यांनी पुन्हा हात धरला. तिने तिसरी ठेवली आणि म्हणाली, "घ्या ना बाप्पा, गरम आहे." ही तिसरी त्यांनी विरोध न करता घेतली, आणि मग पुढच्या किती घेतल्या ते बघणं मोघ्यांना बरं दिसलं नाही. सबिताही मान खाली घालून जेवत होती. रस्सा तिखट होता, तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी तिचा हात थांबत नव्हता.

"अरे! तुम्ही तर जेवता की!" मोघे हिंदीत म्हणाले.

सबिता हसली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली. "सर, आता सांगते. रागावू नका. आमच्याकडे कोणी पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारणारा जवळ येऊन बसतो, तेव्हा म्हणायचं, बरं, थोडंसं. इथे दुसऱ्यांदा कोणी विचारतच नाही. आम्हाला पहिले दोन दिवस वाटलं, आपलं काही चुकलं. मग कळलं की हे सगळ्यांशीच असेच आहेत."

"मग तुम्ही खात काय होता?"

"गेस्ट हाउसखाली दुकान आहे. चिवडा," हरिनारायण म्हणाले. "चिवडा चांगला आहे तुमचा."

मोघ्यांना एवढं हसू आलं की ठसका लागला. ही गोष्ट आपण आयुष्यभर सांगणार हे त्यांना तिथेच कळलं. दोन प्रतिनिधी, एक देणारा देश, आणि पंधरा दिवस चिवडा! ते डोळे पुसत दीपमालाकडे वळले आणि म्हणाले, "बघ, बघ तुझा नवरा! एक साधा चहा विचारता..."

तिथेच ते थांबले. हातातला घास हातातच राहिला.

दीपमालाने रश्श्याचं पातेलं खाली ठेवलं. तिला दिल्लीचं काही माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा माहीत होता. "काय झालं, अहो?"

मोघे खुर्ची सरकवून सबिताच्या जवळ बसले. उष्ट्या हाताने, तसेच. "सबिताजी, काल मी विचारलं. आणखी काही नको ना, म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"हो, सर."

"ते पहिलं 'नाही' होतं?"

सबिता ताटाकडे बघत राहिली.

"मी आता परत विचारतो," मोघे म्हणाले. "आणि त्यानंतर अजून एकदा विचारलं असं समजा. काय हवंय तुम्हाला?"

हरिनारायणांनीच तिला मैथिलीत काही तरी सांगितलं, बहुधा सांग म्हणून. मग ती बोलली, पण मागणं असं तिने केलंच नाही, फक्त गेल्या वर्षीचा पूर सांगितला.

"सायरन वाजला, सर. तुमचा सायरन चांगला आहे. सगळ्या गावाला ऐकू गेला. लोक घराबाहेर आले, पोरांना उचललं, म्हशी सोडल्या. आणि मग सगळे तिथेच उभे राहिले. एकमेकांकडे बघत. कारण जायचं कुठे? आमची जमीन बघितली नाही तुम्ही. ताटासारखी सपाट आहे. चार कोस चाललं तरी गुडघाभर उंच जागा नाही. सायरन वाजत होता आणि पाणी येत होतं आणि आम्ही ऐकत उभे होतो." ती थांबली. "माझी सासू शेवटी म्हणाली, हा आवाज तरी बंद करा."

"मातीचं टेकाड हवं," हरिनारायण म्हणाले. "उंच, भक्कम. तीन टोले आहेत आमचे, तीन वस्त्या. प्रत्येकीला एक. माणसं आणि जनावरं दोन दिवस उभी राहतील एवढं. बस."

"मग काल सांगितलं का नाहीत?" मोघ्यांचा आवाज चढला. राग कोणाचा आला होता ते त्यांनाही नीट कळलं नाही.

"मागे एका लांबच्या देशाच्या लोकांकडे मागितलं होतं," हरिनारायण शांतपणे म्हणाले. "ते म्हणाले, मातीकाम आमच्या योजनेत नाही. आणि नाराज होऊन जे देणार होते तेही कमी केलं. देणाऱ्याने 'पुरे का?' म्हटलं की 'पुरे' म्हणावं, साहेब. पुन्हा विचारलं तर गोष्ट वेगळी."

मोघे उठले आणि हात धुवायला गेले. बेसिनवरच्या आरशात त्यांना ड्रायव्हरशेजारी बसणारा जुना मोघे दिसला नाही. टोपी सांभाळत गंभीर चेहऱ्याने लिहून घेणारा एक सभ्य गृहस्थ दिसला, फक्त रंगाने जरा सावळा. त्यांना मनापासून लाज वाटली.

सोमवारी त्यांनी दिल्लीला फोन लावला. उपसचिव सौजन्याने म्हणाले की फाइल पुढे गेली. आणि मोघेजी, एकाच तज्ज्ञाची एकाच आठवड्यात दोन मतं फाइलवर घेता येत नाहीत. तज्ज्ञ बदलला तर मत बदलू शकतं.

"मग तज्ज्ञ बदला," मोघे म्हणाले.

"कारण लागेल. तुमच्या कामाविरुद्ध कोणाची लेखी तक्रार आली तर बघता येईल. तेही लवकर. पण कोण करणार तुमच्याविरुद्ध तक्रार?"

सबिता करणार नव्हती, हे उघड होतं. जी बाई चहा मागत नव्हती ती तक्रार काय करणार? आणि केलीच असती, तर घेणाऱ्यांनी देणाऱ्यांविरुद्ध ओरड केली असं होऊन होता तो प्रकल्पही गेला असता.

मोघ्यांनी एक पूर्ण दिवस स्वतःला समजावण्यात घालवला. सायरन काही वाईट वस्तू नाही. टेकाड पुढच्या एखाद्या योजनेत बसेल. शिवाय आपण प्रमुख म्हणून तिकडे गेलो तर प्रत्यक्ष जागेवर कितीतरी करता येईल. हे शेवटचं कारण त्यांना फार आवडलं होतं, कारण त्यात नेपाळही होतं आणि विवेकही. पण दर वेळी ते असे पटल्यासारखे झाले की त्यांना एक म्हातारी दिसायची, आणि ती आवाज बंद करा म्हणायची.

मंगळवारी सकाळी ते टेबलाशी बसले आणि त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार लिहायला घेतली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोघ्यांनी आजवर पुष्कळ तक्रारी लिहिल्या होत्या. महापालिकेविरुद्ध, बसच्या वेळापत्रकाविरुद्ध, वरच्या मजल्यावरच्यांच्या कुंड्यांविरुद्ध. वर्तमानपत्रांत त्यांची पत्रं छापून यायची. या विद्येत त्यांचा हात धरणारा कोथरूडमध्ये नव्हता. पण आजवर त्यांना कधीच असा आरोपी मिळाला नव्हता ज्याच्या सगळ्या खोडी त्यांना आतून माहीत होत्या. लेखणी भरधाव सुटली. 'सदर तज्ज्ञ प्रश्न अशा रीतीने विचारतात की नकाराखेरीज दुसरे उत्तर देणे असभ्यपणाचे ठरावे.' 'उत्तर पूर्ण होण्यापूर्वी सदर तज्ज्ञांनी लॅपटॉप मिटला. या घटनेला साक्षीदार असून त्यांपैकी एक स्वतः सदर तज्ज्ञ आहेत.' 'ज्या गृहस्थांना चहा विचारता येत नाही त्यांच्याकडे एका नदीकाठच्या गरजा विचारण्याचे काम सोपवणे हे धाडसाचे असले तरी शहाणपणाचे नाही.' मराठीत ते पत्र असं झालं होतं की छापायला द्यावं. दिल्लीसाठी इंग्रजी केल्यावर त्यातली निम्मी चव गेली, पण विष शाबूत राहिलं.

दीपमालाने मराठी मसुदा वाचला. दोनदा वाचला. "एवढी वर्षं मी हेच सांगत होते," ती म्हणाली. "मला लेखी द्यायचं काहून नाही सुचलं?"

मोघ्यांची एक छुपी आशा होती. ती त्यांनी दीपमालालाही सांगितली नव्हती. दिल्लीचा फोन येईल, उपसचिव म्हणतील, अहो मोघेजी, एवढं मनाला लावून घेऊ नका, तुमच्यासारखा माणूस आम्हाला कुठे मिळणार. मग आपण नको नको म्हणायचं, ते आग्रह धरतील, आणि काही तरी मार्ग निघेल. दिल्लीचा फोन आला नाही. दोन ओळींचं पत्र आलं. तक्रार ग्राह्य, श्री. मोघे यांना प्रकल्पाच्या हितासाठी जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे, त्यांच्या जागी श्री. पुष्कर. एकदाही कोणी राहता का म्हणून विचारलं नाही.

पुष्कर ओशाळून भेटायला आला. मोघ्यांनी त्याला समोर बसवलं, चहा न विचारता मागवला, आणि सांगितलं, "तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस काही विचारू नकोस. त्यांच्याबरोबर हिंड. जेव. मग विचार, आणि विचारून झालं की गप्प बस. लॅपटॉप इथेच ठेवून गेलास तर उत्तम."

पुष्कर गेला, लॅपटॉप न नेता गेला, आणि तीन टेकाडांचा प्रस्ताव घेऊन आला. दिल्लीने एक मंजूर केलं. लाभार्थींना आणखी कशाची गरज नाही असं आधीच्या अहवालात निःसंदिग्धपणे नमूद असल्यामुळे, आणि निधीचा मोठा भाग दरम्यान इतरत्र वळवला गेल्यामुळे, तूर्त एक. पुष्कर भांडला, पण अहवालातलं ते वाक्य भिंतीसारखं उभं होतं.

हिवाळ्यात मातीकाम झालं. फोटो आला. सपाट मुलखात शाळेच्या मैदानाएवढं एक उंच टेकाड, उतारावर लावलेलं गवत, समोर हार घातलेला पुष्कर आणि दोन्ही देशांचे झेंडे. पाटीवर पुष्करचं नाव होतं. मोघ्यांनी फोटो मोठा करून पाटी वाचली आणि काही दिवस त्याचा मनसोक्त हेवा केला. निवृत्त माणसाला हेवा करायला निवांत वेळ मिळतो. मग तो हेवाही ओसरला, आणि सकाळी फिरायला गेल्यावर ते मित्रांना चिवड्याची गोष्ट सांगू लागले. स्वतःच्या पत्रातली वाक्यं पाठ म्हणून दाखवायचे. लोक खूप हसायचे. मोघे त्यांच्यापेक्षा जास्त हसायचे.

श्रावणात धनसारेला पूर आला. पुष्करच्या ॲपमधली निळी नदी लाल झाली, सायरन वाजल्याची नोंद आली आणि त्यानंतर तिकडचं सगळं जाळंच बंद पडलं. मोघे दिवसभर सबिताचा फोन लावत राहिले. दर वेळी एकच बाई बोलायची, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती उपलब्ध नाही. बातम्यांत त्या नदीचं नावही नव्हतं. रात्री ते नीट जेवले नाहीत आणि दीपमालाने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबिताचाच फोन आला. मागे वाऱ्याचा आणि खूप माणसांचा आवाज येत होता.

"सर, आम्ही वर आहोत," ती म्हणाली.

"सगळे ठीक ना? कोणी..." मोघ्यांच्या तोंडून अर्धा प्रश्न बाहेर पडला होता. तो त्यांनी तिथेच गिळला. पुढे काय होणार ते त्यांना माहीत होतं. आपण विचारणार, कोणी राहिलं तर नाही ना, आणि ती म्हणणार, नाही सर, सगळं ठीक आहे. ते गॅलरीतल्या खुर्चीवर बसले. "सबिताजी, कौन कौन है ऊपर, नाम बताइए. सबके. मैं सुन रहा हूँ."

मग ती सांगू लागली. हरिनारायणजी आहेत, त्यांनी सगळ्यांत उंच जागा धरली आहे आणि रात्रभर घोरत होते. माझी सासू आहे. फुलमती आहे, तिची दोन्ही पोरं. जंगबहादूर, त्याची आई. बुधनी. बुधनीची मुलगी परवाच झाली, तिला अजून नाव नाही, पण ती आहे. म्हशी आहेत, आणि तिने म्हशींचीही नावं सांगितली. मोघ्यांनी मध्ये एकदाही बरं, कळलं, असं म्हटलं नाही. दीपमाला दारात येऊन उभी राहिली होती.

"पश्चिमेच्या टोल्यातले काही जण पोहत आले," सबिता म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "सगळे नाही आले, सर. लांब पडलं त्यांना. तिकडे टेकाड झालं नाही ना."

मोघ्यांना अहवालातलं आपलं वाक्य आठवलं. अख्खं आठवलं, त्यातल्या आवडत्या शब्दासकट. या बाईला त्या वाक्याबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि ती त्यांच्याशी तक्रारीच्या सुरात बोलतही नव्हती. त्यांनी सवयीने स्वतःविषयी काही तरी बोचरं, हसण्याजोगं शोधून पाहिलं. काही सापडलं नाही.

"त्यांचीही नावं सांगा," ते म्हणाले.

"जे आले त्यांची?"

"नाही," मोघे म्हणाले. "जे नाही आले त्यांची."

ती काही बोलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग थोडं थांबून, अजून एकदा. तिकडे कोणी तरी लहान मूल रडायला लागलं होतं, कोणी तरी त्याला उगी करत होतं, आणि मग सबिताने पहिलं नाव सांगितलं.